जुनं गोमेकॉ: संग्रहालय, महोत्सव की पुन्हा दवाखाना?
(ऑनलाइन चर्चा. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्या सदस्याचं टोपणनाव आहे.)

मांडवीकाठ
पणजीत कांपालला नदीसमोर लांबलचक पसरलेली जुनी गोमेकॉची (गोवा मेडिकल कॉलेजची) इमारत सगळ्यांना ठाऊक आहे. १९९० च्या दशकात इस्पितळ आणि महाविद्यालय बांबोळीला गेलं. २००४ साली इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) गोव्यात आली तेव्हा शेजारी आयनॉक्स चित्रपटगृह उभं राहिलं आणि हा सगळा परिसर महोत्सवाचा झाला. २०१६ पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सवाची प्रदर्शनंही इथे भरतात. एरवी सामान्य माणसाला आत पाऊल टाकायचं कारण उरलेलं नाही.

माझं म्हणणं साधं आहे. पाश्चात्त्य वैद्यक शिकवणारी आशियातली पहिली संस्था ज्या जागेशी जोडलेली आहे, तिथे दर नोव्हेंबरात प्लायवूडचे गाळे ठोकणं शोभत नाही. इथे वैद्यकाच्या इतिहासाचं कायमचं संग्रहालय हवं. मुंबईत, पुण्यात, कुठेही असं धड संग्रहालय नाही. गोव्याला ते करता येईल, कारण सांगायला गोष्ट आहे. पोर्तुगिजांच्या काळात इथून शिकलेले डॉक्टर मोझांबिक, अंगोला, मकाव, तिमोरपर्यंत सरकारी आरोग्यसेवेत गेले. फ्रोइलानो द मेलोंसारखा जीवाणुशास्त्रज्ञ या शाळेचा संचालक होता. मकाझानचं कुष्ठरोग्यांचं इस्पितळ त्याच माणसाच्या खटपटीतून उभं राहिलं. सोळाव्या शतकातला वैद्य गार्सिया द ओर्ता याच्या नावाची बाग आणि संमोहनशास्त्रातल्या आबे फारियाचा पुतळा दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर. एवढं सगळं हाताशी असताना आपण तिथे फेस्टिव्हलचे पास वाटतो.

सनावळी
'आशियातली पहिली' हे आधी दुरुस्त करू, नाहीतर संग्रहालयाच्या दारातल्या पाटीवरच चूक कोरली जाईल. एस्कोला मेदिको-सिरुर्जिकाची, म्हणजे गोमेकॉच्या मूळ पोर्तुगीज वैद्यकशाळेची, स्थापना ५ नोव्हेंबर १८४२ ची, काउंट ऑफ अंतास गव्हर्नर असताना. पुदुच्चेरीत फ्रेंचांनी वैद्यकशाळा १८२३ मध्ये काढली. कलकत्ता आणि मद्रास दोन्ही १८३५ च्या. आपण मुंबईच्या ग्रँट मेडिकलच्या तीन वर्षं आधी आहोत, तेवढं अभिमानाला पुरेसं आहे. जुन्या गोव्याच्या रॉयल हॉस्पिटलात त्याआधीही शिकवण्या चालत, त्या धरल्या तर दावा मागे नेता येतो. पण शिकवण्या वेगळ्या आणि स्वतःची परीक्षा घेणारी शाळा वेगळी.

दुसरं, शाळा पणजीत आली ती शेजारच्या मॅकिनेझ पॅलेसमध्ये. तो वाडा अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा. आज आपण ज्याला जुनं गोमेकॉ म्हणतो ती इमारत पुष्कळ नंतरची. आणि 'गोवा मेडिकल कॉलेज' हे नाव तर मुक्तीनंतर, १९६३ चं. तेव्हा ते मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं, गोवा विद्यापीठ आलं १९८५ ला. 'जागा' म्हणताना वाडा, इमारत की संस्था, यातलं काय म्हणायचंय ते आधी ठरवा.

शाळेत १८४२ पासून औषधनिर्माणही शिकवत. त्या परंपरेचं फार्मसी कॉलेज आजही पणजीतच, अठरा जून रस्त्यावर आहे. संग्रहालयवाल्यांना त्याची आठवण क्वचितच होते.

दवबिंदू
संग्रहालय या शब्दाला माझा ठाम विरोध आहे. कारण भावनेचं नाही, हवेचं आहे.

पणजीत वर्षाला जवळपास तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. जुलैत बाहेर २८ अंश आणि आर्द्रता ८८ टक्के हे अगदी रोजचं. अशा हवेचा दवबिंदू साधारण २६ अंशांवर येतो. म्हणजे २६ च्या खाली गार झालेल्या कुठल्याही पृष्ठभागाला घाम सुटणार. कागद, कापड, छायाचित्रं यांना ४५ ते ५५ टक्के आर्द्रता लागते. ती आणायला तुम्ही एसी २२ वर लावणार. जुन्या खिडक्यांच्या फटींतून बाहेरची हवा आत येतच राहणार आणि गार भिंतीवर, काचेच्या पेटीच्या मागच्या बाजूला, चौकटीच्या पाठीवर पाणी जमणार. त्यात सरकारी रिवाजाप्रमाणे संध्याकाळी पाचला एसी बंद आणि सकाळी दहाला चालू. रोज एकदा ओलं, एकदा कोरडं. १९३० चा एखादा हस्तलिखित प्रबंध अशा खोलीत दोन पावसाळे काढेल, तिसऱ्याला पानं चिकटून त्याची वीट होईल.

खिडक्या काचेने सीलबंद केल्या तर? मग चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत श्वास घ्यायची थांबते आणि जमिनीतून चढणारी ओल खोलीतच कोंडते. म्हणजे वस्तू वाचवायला इमारत मारायची. त्यापेक्षा नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कोरड्या हवेत महोत्सव चालवा आणि पावसाळ्यात दारं-खिडक्या उघडून इमारतीला वारा लागू द्या. या इमारतीला मानवणारं वेळापत्रक तेच आहे.

मांडवीकाठ
@दवबिंदू, अख्खी इमारत गार करा असं कोण म्हणतंय? संग्रहालयशास्त्रात हवा खोलीची नाही, पेटीची सांभाळतात. घट्ट बसणारी काचपेटी, तळाला सिलिका जेलचा कप्पा. जेल आधी ५० टक्क्यांना सिद्ध करून ठेवलं की पेटी आतल्या आत स्थिर राहते. महिन्यातून एकदा आकडा बघायचा, जेल बदलायचं. खोलीला पंखा आणि उघडी खिडकी पुरते. कागदाला उजेड ५० लक्सच्या वर नको, म्हणजे बाहेरच्या झडपा अर्ध्या लोटून ठेवायच्या. त्या तशाही तिथल्या वास्तूला शोभतात. हत्यारं, सूक्ष्मदर्शकं, चिनी मातीच्या औषधांच्या बरण्या यांना तर एवढंही लागत नाही.

दवबिंदू
जेल सिद्ध करायला भट्टी लागते, आकडा बघायला माणूस लागतो आणि तो माणूस दर महिन्याला लागतो. पेटीच्या खर्चाला निधी एकदाच मिळतो, माणसाच्या पगाराला दरवर्षी मागावा लागतो. शिवाय लोखंडी हत्यारांना काही लागत नाही हे चूक. मांडवीच्या खाऱ्या वाऱ्यात निकेल मुलाम्याखाली गंज धरतो आणि मुलामा फोड येऊन सुटतो. तुम्ही त्याला 'पाटिना', म्हणजे जुनेपणाची झाक, म्हणाल.

चिरेबंदी
दोघंही आत काय ठेवायचं यावर भांडताय, म्हणून भिंतीविषयी थोडं लिहितो. माझ्या मते वापराचा प्रश्न तिथेच सुटतो.

आपल्याकडच्या या वयाच्या सार्वजनिक इमारती म्हणजे चिऱ्याच्या जाड भिंती, चुन्याचा गिलावा, वर लाकडी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) आणि मंगलोरी कौलं. चिरा सच्छिद्र असतो. खाणीतून काढताना मऊ, हवेत राहिला की टणक. तो ओला झाला तरी चालतो, फक्त वाळायला मिळाला पाहिजे. पणजीचा मोठा भाग भराव टाकून उचललेला आहे, त्यामुळे भूजल पायाजवळच असतं आणि भरतीच्या पाण्याने त्यात मीठही येतं. ही ओल भिंतीत साधारण मीटरभर चढते. चुन्याचा गिलावा ती बाहेर सोडतो. मीठ गिलाव्याच्या तोंडाशी येऊन पांढरं फुलतं, झाडून टाकता येतं. दहा-पंधरा वर्षांनी खालचा पट्टा काढून नवा करायचा. गिलावा म्हणजे झिजायसाठीच दिलेला अंगरखा.

आता त्याच जागी सिमेंटचा गिलावा मारा. पहिली तीन वर्षं भिंत सुरेख दिसते. फोटो तेव्हाचेच असतात. मग केसाएवढी भेग पडते, पाऊस तीतून आत जातो, बाहेर यायला वाट नाही. मीठ गिलाव्याच्या पाठीमागे, चिऱ्याच्या अंगात साठतं आणि स्फटिक फुगून चिराच भुसभुशीत होतो. हाताने ठोकलं की पोकळ आवाज येतो. पुढे एखाद्या श्रावणात टेबलाएवढा पापुद्रा चिऱ्याची लाल माती घेऊनच खाली येतो. त्यावर प्लास्टिक इमल्शन चढवलं असेल तर हे दोन वर्षं आधी होतं.

दुरुस्तीची रीत अशी:

सिमेंट हाताने, छिन्नीने काढायचं, ब्रेकर नको. ओलीच्या रेषेच्या वर आणखी दीड फूट. मग भिंत एक पूर्ण कोरडा हंगाम उघडी ठेवायची. याच पायरीला सगळे घाई करतात. मीठ जास्त असेल तर कागदाचा लगदा साध्या पाण्यात भिजवून बोटभर जाड लेप द्यायचा. तो वाळला की मीठ घेऊन सुटतो. तीन-चार वेळा. चुनकळी पाण्यात विझवून, गाळून किमान तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्यायची, तीन महिने मुरली तर उत्तमच. एक भाग चुना, तीन भाग नदीची धुतलेली वाळू. ओलीच्या पट्ट्यात एक चुना, एक सुरखी (विटांची भुकटी), दोन वाळू. समुद्रकिनाऱ्याची वाळू चुकूनही नको, आपण मीठ काढायला निघालोय, घालायला नाही. थर १० ते १२ मिलिमीटरच्या वर नाही. पहिला थर आठ-दहा दिवसांनी नखाने ओरखडा उठेनासा झाला की दुसरा. ओल्या गोणपाटाखाली दहा दिवस, उन्हाची तिरीप लागू द्यायची नाही. वर चुन्याचे पातळ तीन हात, खळीत थोडा डिंक, चिमूटभर नीळ. हे काम ऑक्टोबर अखेर ते मार्च एवढ्यातच होतं.

आता महिने बघा. नोव्हेंबरात इफ्फी, डिसेंबरात सेरेंडिपिटी. म्हणजे दवबिंदू यांचं 'इमारतीला मानवणारं वेळापत्रक' नेमकं गिलाव्याच्या हंगामावर येऊन बसलंय. चुन्याचं काम उरलेल्या जानेवारी ते मार्चमध्ये कोंबावं लागतं. कोणी म्हणेल सिमेंट चार दिवसांत होतं, मग तेच का नको. तसंच होतं आणि तसंच चालू राहतं. म्हणून माझं मत: महोत्सव राहू दे, पण इमारतीचा तिसरा भाग दरवर्षी आळीपाळीने पूर्ण रिकामा. तीन वर्षांत एक फेरी.

खाजन
चिरेबंदीबाब, गिलाव्यावर सहमत. पण महोत्सवाचं नुकसान हंगामापुरतं नाही. आतली मांडणी कशी करतात ते बघा. दालन पांढरं कोरं हवं म्हणून भिंतीला चिकटून प्लाय मारतात, मागे लाकडी पट्ट्या, पट्ट्यांना खिळे थेट गिलाव्यात. तीन आठवडे प्लायच्या मागे हवा नाही. काढताना पाठीवर काळे ठिपके आणि खिळ्यासकट निघालेली चुन्याची वाटी. ती कशाने भरतात? वॉल पुट्टीने, म्हणजे पुन्हा सिमेंटच. दरवर्षी शंभरेक भोकं धरली तर दहा वर्षांत भिंत खवल्यामाशासारखी.

स्वतःच्या पायावर उभी राहणारी चौकट करा. पायाला वाळूच्या गोण्या, भिंतीपासून किमान एक फूट सुटी, म्हणजे झाडू आणि वारा दोन्ही जातील. केबल छताच्या कैचीला बांधायच्या नाहीत, जमिनीवर रबरी पन्हळीतून न्यायच्या. हॅलोजन बंद, फक्त एलईडी. आणि प्लाय आत आणायच्या आधी बाहेर उन्हात उलटापालटा करून बघायचा. बाहेरच्या प्लायमधून पिठ्या किडा आणि वाळवी आत येते आणि मग माट्टीच्या लाकडाच्या तुळया पोखरते. करारात एवढी चार कलमं घातली तर महोत्सवाला माझी हरकत नाही.

भारवाही
वाचनालय, अभिलेखागार अशी मागणीही अधूनमधून होते, म्हणून आकडे देतो. आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकात इस्पितळाच्या वॉर्डला चल भार (माणसं-सामानाचा भार) दर चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात. कलादालन, संग्रहालय ४००. उभ्या गर्दीचं सभागृह ५००. पुस्तकांच्या रॅकची खोली ६००, तीही रॅक २.२ मीटर उंच असेपर्यंत, त्यावर वाढीव.

पाच बाय सहा मीटरची खोली घ्या. वॉर्ड असताना तिच्यावर सहा टन धरत. उद्घाटनाच्या संध्याकाळी लोक उभे राहिले की पंधरा टन. रॅक भरले की अठरा, आणि ते रात्रंदिवस, बारा महिने. लाकूड तासाभराचा भार सोसतं, कायमच्या भाराखाली हळूहळू वाकत जातं आणि सरळ होत नाही. म्हणून पुस्तकं, फायली, काँक्रीटची शिल्पं वरच्या मजल्यावर नकोत. राज्याचं मध्यवर्ती ग्रंथालय पाटोला त्यासाठीच बांधलेल्या इमारतीत आहे, ते तिथेच बरं.

वरचा मजला गर्दीला द्यायचाच असेल तर आधी चाचणी घ्या. ५० किलोच्या वाळूच्या गोण्या, दर चौरस मीटरला दहा, टप्प्याटप्प्याने चढवायच्या. खाली तुळयांच्या मध्यावर डायल गेज. २४ तास ठेवून वाक मोजायचा, गोण्या काढून पुन्हा २४ तासांनी मोजायचा. काँक्रीटच्या चाचणीत पाऊण भाग वाक परत यावा असा नियम आहे, लाकडाला मी त्याहून कडक लावीन. तुळईचं मधलं अंग ठणठणीत असतं, कुजतं ते भिंतीत गेलेलं टोक. तिथे पातळ ड्रिलने भोक पाडून भुसा बघायचा. कोरडा, कुरकुरीत आला तर ठीक. तपकिरी, ओला आला तर तो मजला त्या दिवशी बंद.

कला अकादमीच्या खुल्या रंगमंचावरचं छत २०२३ च्या जुलैत कोसळलं. तेव्हा तिथे गर्दी नव्हती म्हणून निभावलं.

दवबिंदू
@भारवाही, म्हणजे तुमच्या आकड्यांनी महोत्सव ५०० चा आणि संग्रहालय ४०० चं. फरक काय राहिला?

भारवाही
फरक असा की संग्रहालयात आत किती माणसं सोडायची ते दारावरचा माणूस ठरवतो. महोत्सवात पाहुणे.

बांबोळी शटल
तुम्ही सगळे सुखवस्तू चर्चा करताय. ती इमारत दवाखाना होती, पुन्हा दवाखाना करा. पणजीतल्या सत्तरीच्या माणसाला रक्तदाबाची गोळी बदलून घ्यायला सातेक किलोमीटर बांबोळीला जावं लागतं, रांग वेगळी. शस्त्रक्रिया नको, खाटा नकोत. तळमजल्यावर ज्येष्ठांची ओपीडी, फिजिओथेरपी, डोळे-कान तपासणी, औषधांची खिडकी. भार साधारण २५० चा, भारवाही यांच्या ४०० हून कमीच. एसी नको, उंच छत आणि वारा आहे. बारा महिने दारं उघडी म्हणजे इमारत आपोआप वाळेल. वर काय ते तुमचं संग्रहालय मांडा. वैद्यकाच्या इतिहासाच्या खाली चालू वैद्यक, यापेक्षा बरी पाटी कुठली?

सनावळी
कल्पना म्हणून ही या धाग्यातली सगळ्यात प्रामाणिक आहे. अडचण नळाची आहे. ओपीडी म्हणजे प्रत्येक तपासणी खोलीत हात धुवायचं बेसिन, रक्त घ्यायच्या खोलीला वेगळा निचरा, चार-पाच शौचालयं. पाण्याची नळी चिऱ्याच्या भिंतीत खाच मारून नेली की दहा वर्षांत ती पाझरते आणि मग जमिनीची ओल कुठली, नळाची कुठली, हे कोणाला सांगता येत नाही. जैववैद्यकीय कचऱ्याची खोली, रुग्णवाहिकेला वळण, आणि नोव्हेंबरात इफ्फीच्या बंदोबस्तात रुग्णांची रिक्षा कुठे थांबणार?

उताराचंही बघा. चाकाच्या खुर्चीसाठी १:१२. जोतं तीन फूट, म्हणजे ९० सेंटिमीटर धरलं तर उतार १०.८ मीटर लांब, शिवाय मध्ये टप्पा. तो समोरच्या बाजूला टाकला तर दर्शनी भागाची शोभा जाते, मागे टाकला तर रुग्ण मागच्या दाराने.

बांबोळी शटल
नळ भिंतीत नकोतच, भिंतीबाहेर उघडे न्या. गळला तर दिसेल तरी. आणि आजारी माणसाला पुढचं की मागचं दार याचं सोयरसुतक नसतं, ते शोभावाल्यांना असतं. उतार समोरच करा, चिऱ्याचाच करा, उद्या काढायचा झाला तर मूळ भिंतीला न बिलगणारा. उतार तर महोत्सवाला आणि संग्रहालयालाही लागणारच आहे. तो फक्त दवाखान्याच्या नावावर का मांडता?

चिरेबंदी
उताराचं बरोबर आहे, तो आक्षेप मागे घेतला पाहिजे. उघडे नळही चालतील, ब्रॅकेट सांध्यात बसवा, चिऱ्यात नको.

मांडवीकाठ
तळमजला ओपीडीला आणि वरचा मजला संग्रहालयाला, हे मला मान्य आहे. पेट्या हलक्या ठेवू, कागद खाली उतरवू. महोत्सवाला आयनॉक्स आणि बाहेरचं अंगण आहेच.

खाजन
अंगणाला मंडप घातला की मंडपाच्या ताडपत्रीचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी ओतलं जातं, तेवढं आधी बघा. पन्हळ लावून ते किमान दोन मीटर दूर सोडायला हवं. डिसेंबरातला एक अवकाळी पाऊस पुरतो.

दवबिंदू
संग्रहालय वर नेलं म्हणजे ते थेट कौलांखाली आलं. एक कौल सरकलं की सिलिका जेल काय करणार?

चिरेबंदी
म्हणून कौलांचं काम पावसाळ्यापूर्वी, १५ मेच्या आत. फुटकी बदलायची, कोन्यातली पन्हळ पानं काढून मोकळी करायची, आढ्याच्या कौलांखालचा चुना तडकला असेल तिथे नव्याने भरायचा, सिमेंटने नाही. जुन्या छपराला नवी कौलं मिसळताना छाप आणि माप एकच बघायचं, अर्ध्या सेंटिमीटरच्या फरकाने खाच बसत नाही आणि वारा पाणी उलटं चढवतो. कौलावर सरळ पाय द्यायचा नाही, रिपांवर फळी टाकून चालायचं. नाहीतर दहा बदलायला गेलेला माणूस वीस फोडून येतो. निदान पाचशे कौलं आवारात रचून ठेवलेली हवीत, कारण जुलैत त्या छापाची कौलं बाजारात शोधत बसता येत नाही.

बांबोळी शटल
आणि ती ठेवायची ती ओपीडीच्या उतारावर नको.